आधी जमीन, मग काच

पॅडल शिकवणारे बहुतेक जण टेनिसपासून सुरुवात करतात. गुण टेनिससारखेच मोजायचे, मधे नेट तसेच, कोर्ट तेवढे लहान आणि भोवताली काच-जाळी. ऐकायला सोपे वाटते. पण टेनिस किंवा बॅडमिंटन खेळून आलेला माणूस या वाटेने पॅडलमध्ये शिरला की पहिल्या अर्ध्या तासातच अडखळतो. चेंडू त्याला चुकवून मागे जातो, गुण गेला असे समजून तो रॅकेट खाली सोडतो आणि वळतो. तेवढ्यात मागच्या काचेवर आपटलेला चेंडू गुडघ्याच्या उंचीवरून, अगदी मारण्याजोगा, त्याच्या समोर येतो आणि दुसऱ्यांदा जमिनीवर पडतो. जोडीदार ओरडतो, "अरे, चालू होता!"

या पुस्तिकेत पुढे पॅडलचे आंतरराष्ट्रीय नियम सोप्या मराठीत क्रमाने दिले आहेत. ते पाठ करण्याआधी त्यांच्यामागचा विचार ध्यानात यावा, म्हणून ही प्रस्तावना जरा लांबवली आहे. माझ्या मते पॅडलचे महत्त्वाचे नियम एकाच हेतूने घडले आहेत: नुसत्या ताकदीला लगाम घालायचा आणि चेंडू जास्तीत जास्त वेळ खेळता ठेवायचा. हा हेतू एकदा डोक्यात बसला की नियम घोकावे लागत नाहीत. वाद झालाच, तर पुस्तिका उघडण्याआधी निम्मे उत्तर तुमचे तुम्हालाच सापडते.

खेळाचा जन्मच जागेच्या अडचणीतून झाला. १९६९ साली मेक्सिकोतल्या अकापुल्को या समुद्रकाठच्या शहरात एन्रिके कोर्कुएरा या धनिकाला आपल्या घरी टेनिस कोर्ट हवे होते, पण जागा पुरेना. मग होती तेवढ्या जागेत त्याने लहान कोर्ट आखले आणि कडेने भिंती घातल्या. भिंतीवरून परतलेला चेंडू खेळात धरायचा, हे ओघानेच आले. त्याचा मित्र आल्फोन्सो दे होहेनलोहे याने तिथे हा खेळ पाहिला आणि १९७४मध्ये स्पेनमधल्या मार्बेयाच्या आपल्या क्लबात कोर्ट बांधून घेतले. विम्बल्डन जिंकलेला मानोलो सांताना त्या भागात खेळाच्या प्रचाराला लागला. पुढच्याच वर्षी खेळ अर्जेंटिनात पोहोचला आणि तिथे त्याने जे मूळ धरले, ते आजतागायत पक्के आहे. १९९१मध्ये आंतरराष्ट्रीय पॅडल महासंघ स्थापन झाला आणि १९९२मध्ये पहिली जागतिक स्पर्धा स्पेनमध्ये भरली. सुरुवातीच्या भिंती पक्क्या बांधकामाच्या होत्या. काच नंतर आली आणि प्रेक्षकांना बाहेरून सगळा खेळ दिसू लागला.

आजचे कोर्ट २० मीटर लांब आणि १० मीटर रुंद असते. मधले नेट मध्यावर ८८ सेंटिमीटर, टोकांना फार तर ९२. नेटपासून ६.९५ मीटरवर दोन्हीकडे सर्व्हिसची रेषा आणि तिला मधोमध छेदणारी एक रेषा. आखणी एवढीच. टेनिससारख्या दुहेरीच्या वेगळ्या पट्ट्या इथे नाहीत, कारण कोर्टाची हद्द म्हणजे भिंतच. मागची बाजू ३ मीटर काचेची आणि तिच्यावर १ मीटर जाळी. बाजूची काच मात्र कोपऱ्यापुरतीच: आधी दोन मीटरपर्यंत ३ मीटर उंच, पुढचे दोन मीटर पायरी उतरल्यासारखी २ मीटर उंच. तिथून नेटपर्यंत धातूची जाळी. काच कुठे संपते आणि जाळी कुठे सुरू होते, हे कोर्टवर पाऊल ठेवल्यावर आधी नीट पाहून घ्या. पुढचे बरेच निवाडे त्या सांध्यावर अवलंबून आहेत.

आता मुख्य नियम. तुम्ही मारलेला चेंडू नेटपलीकडे गेला की तो आधी जमिनीवर पडला पाहिजे. टप्पा पडल्यानंतर तो मागच्या काचेला लागो, बाजूच्या काचेला लागो, दोन्हींना लागो, नाही तर जाळीत आदळो, चेंडू चालू. पण टप्पा न पडता थेट समोरच्यांच्या काचेवर किंवा जाळीवर आदळला, तर गुण तुमचा गेला. आधी जमीन, मग काच. चाळीच्या नाही तर इमारतीच्या आवारात क्रिकेट खेळलेल्या माणसाला हे पटकन उमगेल. थेट भिंतीपलीकडे गेला तर आऊट, एक टप्पा आऊट, हे आपले कायदे आवाराच्या भिंतींनीच घडवले होते. जागा आखूड असली की जोरात मारणाऱ्याला आवर घालणारा नियम आपोआप तयार होतो. पॅडलमध्ये तेच काम या एका नियमाने केले आहे. बेफाम फटका मारलात तर चेंडू थेट काचेवर जातो. जमिनीवर पाडून जोरात मारलात, तरी तो काचेवरून उसळून प्रतिस्पर्ध्याच्या हाती येतो, म्हणजे तुमचीच ताकद त्याला उसनी मिळते.

चेंडू तुमच्या बाजूला आला की दुसरा टप्पा पडायच्या आत तो परतवायचा. टप्पा पडण्याआधी हवेतच मारला तरी चालते, टप्प्यानंतर मारला तरी चालते, काचेवरून आल्यावर मारला तरी चालते. आणि टेनिसमधून आलेल्यांना सर्वात नवल वाटणारी सवलत पुढे आहे: चेंडू तुम्ही स्वतःच्या मागच्या काचेवर मारून, तिथून उसळवून नेटपलीकडे धाडू शकता. चेंडू काचेच्या इतका जवळ पडला की रॅकेट फिरवायला जागाच नसते, तेव्हा हा शेवटचा उपाय कामी येतो. ही सवलत फक्त काचेपुरती. स्वतःच्या जाळीला लागून गेलेला चेंडू चुकीचा. हा भेद का, असे अनेक जण विचारतात. काचेवरून चेंडू कसा उसळेल याचा अंदाज बांधता येतो. जाळीवर तो कधी मरतो, कधी तारेच्या गाठीला लागून भलतीकडे उडतो. ज्याचा अंदाज बांधता येतो ते खेळाडूचे साधन, ज्याचा येत नाही ते नशीब. नशिबाला शक्य तितके बाहेर ठेवायचे, अशी ही मांडणी आहे आणि मला ती फार रास्त वाटते.

सर्व्हिसकडे पाहिले तरी तोच विचार दिसतो. टेनिसमध्ये सर्व्हिस हे हत्यार असते, पॅडलमध्ये ती निव्वळ सुरुवात आहे. सर्व्हिसच्या रेषेमागे उभे राहायचे, चेंडू जमिनीवर एकदा आपटायचा आणि तो कमरेच्या उंचीला किंवा त्याखाली असतानाच मारायचा. मारताना किमान एक पाऊल जमिनीला टेकलेले हवे. चालत, धावत किंवा उडी घेऊन सर्व्हिस करता येत नाही. चेंडू तिरका, समोरच्या विरुद्ध चौकोनात पडला पाहिजे. दोन संधी मिळतात. चौकोनात टप्पा पडल्यावर चेंडू काचेला लागला तरी सर्व्हिस योग्य, पण दुसऱ्या टप्प्याआधी तो बाजूच्या जाळीला लागला तर ती चूक. नेटला स्पर्शून चौकोनात पडला तर पुन्हा सर्व्हिस, मात्र त्यानंतर जाळीला लागला तर इथेही चूकच. म्हणजे काच आणि जाळीचा तोच भेद पुन्हा आला. समोरच्याने सर्व्हिसचा टप्पा पडू द्यायचाच असतो, ती हवेतल्या हवेत परतवता येत नाही.

उपनगरातल्या भाड्याच्या कोर्टांवर रविवार सकाळचे सामने मी पाहतो, तेव्हा सर्वात जास्त हेळसांड याच नियमांची दिसते. छातीच्या उंचीवरून खाली दाबलेल्या सर्व्हिस बिनबोभाट चालतात. "मजेसाठी तर खेळतोय," असे म्हटले जाते. पण मजा नेमकी तिथेच कमी होते, कारण अशी सर्व्हिस परतत नाही. रॅली सुरू व्हायच्या आत गुण संपतो आणि ज्या लांबलचक देवाणघेवाणीसाठी हा खेळ खेळायचा, ती होतच नाही. कमरेखालचा नियम पाळून पाहा. दोन्ही जोड्यांमधला फरक किती आकसतो ते एका सेटमध्ये कळेल. घरातल्या आजोबांना आणि नातवाला एकाच कोर्टवर आणणारा नियम हाच आहे.

गुणमोजणी टेनिसचीच: १५, ३०, ४०, गेम. सहा गेमचा सेट, पण दोन गेमची आघाडी हवी. ६-६ झाले तर टायब्रेक. तीनपैकी दोन सेट जिंकणारी जोडी सामना जिंकते. ४०-४० झाल्यावर मात्र एक वेगळी पद्धत तुमच्या कानावर येईल. तिला 'गोल्डन पॉइंट' म्हणतात. २०२०पासून ती व्यावसायिक दौऱ्यावर रुळली. आघाडी वगैरे काही नाही, एकच गुण, जो जिंकेल त्याचा गेम. सर्व्हिस कोणत्या बाजूला घ्यायची हे सर्व्हिस घेणारी जोडी ठरवते. तासाभरासाठी कोर्ट घेतलेल्यांना ही पद्धत सोयीची आहे, हे मान्य. तरीही शिकणाऱ्यांनी सुरुवातीची काही वर्षे जुन्या पद्धतीने, दोन गुणांच्या फरकाने खेळावे असे मला वाटते. ४०-४०वर अडकलेला गेम पुन्हा पुन्हा मागे येतो, त्यात दोन्ही जोड्यांची घालमेल होते आणि संयम तिथेच शिकायला मिळतो.

गुण जाण्याची उरलेली कारणे साधी आहेत. चेंडू अंगाला किंवा कपड्याला लागला, एकाच जोडीने लागोपाठ दोनदा मारला, खेळ चालू असताना अंग, कपडे किंवा रॅकेट नेटला लागली, की गुण गेला. नेट ओलांडून समोरच्यांच्या हद्दीतला चेंडू मारता येत नाही. याला एक सुंदर अपवाद आहे. कधी कधी समोरच्याने मारलेला चेंडू तुमच्या बाजूला टप्पा घेतो, काचेवर आपटतो आणि उंच उसळून पुन्हा त्यांच्याच बाजूला परत जायला निघतो. तुमच्यापैकी कोणी त्याला स्पर्श केला नाही तर गुण त्यांचा. तो वाचवायचा असेल तर नेटकडे धाव घेऊन, नेटला न शिवता, हात पलीकडे नेऊन चेंडू मारायची मुभा तुम्हाला आहे, कारण टप्पा तुमच्याकडे पडून गेला आहे. कसलेले खेळाडू असा स्मॅश ठरवून मारतात. प्रेक्षकांना तो फार आवडतो.

दुसरी नेत्रदीपक गोष्ट कोर्टाबाहेर घडते. टप्पा पडलेला चेंडू भिंतीवरून किंवा जाळीवरून कोर्टाबाहेर गेला तर साधारणपणे मारणाऱ्याला गुण मिळतो. पण कोर्टाच्या बाजूला नियमाप्रमाणे मोकळी जागा असेल आणि बाहेर खेळण्याची परवानगी असेल, तर बचाव करणारा नेटजवळच्या दारातून बाहेर धावतो आणि दुसरा टप्पा पडायच्या आत बाहेरूनच चेंडू आत मारतो. आपल्याकडच्या अनेक कोर्टांना बाहेर तेवढी जागा नसते. लगत दुसरे कोर्ट, पायऱ्या किंवा बाकडी असतात. तिथे हा प्रकार करू नये आणि सामना सुरू व्हायच्या आधीच "बाहेरचा खेळ नाही" असे चौघांनी ठरवून टाकावे. काचेच्या कडेवर डोके आपटून घेण्याइतका कोणताही गुण मोलाचा नाही.

नियमांनी काय करू दिले आहे हे कळले, तरी काचेची सवय वेगळी करावी लागते. मागच्या काचेवर येणारा चेंडू पाहा. नवखा खेळाडू त्याच्याकडे तोंड करून मागे मागे सरकतो, पाठ काचेला टेकते आणि चेंडू पोटाशी येतो. अनुभवी खेळाडू आधी अंग आडवे वळवतो, रॅकेट खाली, तयारीत ठेवतो आणि चेंडूला आपल्या शेजारून मागे जाऊ देतो. या क्षणी त्याची घाई दिसत नाही. चेंडू काचेवर लागून पुढे यायला लागला की तोही त्याच्याबरोबर एखादे पाऊल पुढे येतो आणि चेंडू आपल्या पुढ्यात, खाली आल्यावर, खालून वर ढकलतो. फटका मारण्यापेक्षा चेंडूची सोबत करणे अधिक असते. कोपऱ्यात हेच अवघड होते. चेंडू आधी बाजूच्या काचेला आणि मग मागच्या काचेला लागला तर कोर्टाच्या मध्याकडे उघडत येतो. आधी मागच्या आणि मग बाजूच्या काचेला लागला तर अंगावर वळतो. पहिल्यात वळून जागा मोकळी करायची, दुसऱ्यात चेंडूपासून दूर व्हायचे. हे लिहून समजत नाही, हे मला ठाऊक आहे. जोडीदाराला हाताने चेंडू टाकायला सांगा आणि कोपऱ्यात अर्धा तास फक्त पाहत उभे राहा, मारू नका. डोळ्यांना वाट कळली की पाय आपोआप जातात.

उलट बाजूने पाहिले तर नेटजवळची जागा ही या खेळातली सत्ता आहे. जी जोडी नेटवर, ती गुणावर स्वार. मागे अडकलेल्या जोडीला समोरच्यांना तिथून हटवायचे असेल, तर जोर कामाचा नाही. उंच लॉब हवा, त्यांच्या डोक्यावरून जाऊन मागच्या काचेजवळ पडणारा. चांगल्या सामन्यात सतत चालणारी ढकलाढकली नेटच्या जागेसाठी असते. म्हणूनच पॅडल हा दुहेरीचाच खेळ मानला जातो. एकेरीसाठी ६ मीटर रुंदीचे अरुंद कोर्ट नियमांत आहे, पण ते फार कमी दिसते. अर्जेंटिनाचा फर्नांदो बेलास्तेगिन सलग १६ वर्षे जगात पहिल्या क्रमांकावर होता. त्यातली १३ वर्षे त्याचा जोडीदार एकच, हुआन मार्तिन दियास. माझ्या लेखी १६ वर्षांच्या विक्रमापेक्षा ही १३ वर्षांची जोडी मोठी आहे. दोघांत १० मीटरची रुंदी वाटून घ्यायची, मधल्या चेंडूवर कोण जाईल हे न बोलता ओळखायचे, चुकलेल्याला सावरून घ्यायचे, हे कोणत्याही नियमात नाही आणि त्यावाचून सामना जिंकता येत नाही.

साहित्याबद्दल थोडेच. रॅकेटला तारा नसतात, ती भरीव आणि भोकांची असते, लांबी जास्तीत जास्त ४५.५ सेंटिमीटर. मुठीला दोरी असते आणि ती मनगटात घालणे नियमाने सक्तीचे आहे. आपल्याकडे ती दोरी लोंबकळत ठेवून खेळणारे बरेच दिसतात. काचेने बंद केलेल्या जागेत चार माणसे असताना हातातून सुटलेली रॅकेट कुणाच्याही तोंडावर बसू शकते. शिवाय चारी बाजूंना काच आहेच. दोरी घातल्याशिवाय सर्व्हिस करू नये, हे मी आग्रहाने सांगतो. बूट, चेंडू, रॅकेटचा आकार यांची माहिती पुढच्या प्रकरणात आहे.

महाराष्ट्रात हा खेळ आता नवा राहिलेला नाही. मुंबई-पुण्यात कोर्टे उभी राहिली आहेत आणि २०२५मध्ये वर्ल्ड पॅडल लीगचे सामने मुंबईत झाले. पिकलबॉलची लाटही याच सुमारास आल्यामुळे अनेकांच्या मनात दोन्हींची सरमिसळ होते. पिकलबॉलला भिंती नाहीत आणि त्याचा चेंडू भोकांचा, प्लास्टिकचा. पॅडलचा चेंडू टेनिसच्या जातीचा, किंचित कमी उसळणारा. आपल्या हवेचा विचारही करायला हवा. कोकणपट्टीच्या पावसात उघडे कोर्ट चार महिने निरुपयोगी होते, कारण ओल्या काचेवरून चेंडू उसळण्याऐवजी घसरतो आणि सगळा अंदाज फसतो. नव्याने कोर्ट बांधणाऱ्यांनी छपराचा खर्च आधीच धरावा.

मला खरी काळजी वेगळीच वाटते. कोर्टाचे भाडे आज चौघांत वाटूनही बऱ्याच घरांना झेपणारे नाही. खेळ सोपा, नियम समंजस, वयाची अट नाही, आणि तरी तो काही ठरावीक वस्त्यांपुरता राहिला तर ती मोठी हानी ठरेल. एका टेनिस कोर्टाच्या जागेत पॅडलची एकाहून अधिक कोर्टे बसू शकतात. नगरपालिकांची क्रीडासंकुले, शाळा, महाविद्यालये आणि जुने जिमखाने यांनी निदान एक कोर्ट, सकाळच्या दोन तासांसाठी, मुलांना नाममात्र दरात खुले ठेवावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. शिक्षकांसाठी ही पुस्तिका मुद्दाम मराठीत केली आहे, ती याच आशेने.

वाचकांना एकच सांगणे आहे. ही पुस्तिका एकट्याने वाचून कपाटात ठेवू नका. ज्या तिघांबरोबर खेळणार असाल त्यांना घेऊन सर्व्हिसचे आणि काच-जाळीचे प्रकरण कोर्टवरच उभे राहून वाचा. काच कुठे, जाळी कुठे, बाहेर खेळायचे की नाही, ४०-४०ला काय करायचे, हे चौघांत बोलून घ्या, मनगटात दोरी घाला आणि मग पहिली सर्व्हिस करा.